क्ष-किरणांची प्रतवारी

हट्ट्यातील एखादा शेतकरी बैलगाडीवरून पडला, की त्याला वसमतला किंवा हिंगोलीला नेऊन कमरेचा ‘फोटो’ काढतात. समजा, यंत्रावर ८० किलोव्होल्ट हा आकडा ठेवला. मग निघणारे सगळे किरण ८० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट (कि.इ.व्हो.) ऊर्जेचे असतील का?

नाही. ८० ही फक्त कमाल मर्यादा. नळीतील इलेक्ट्रॉन टंगस्टनवर आदळून थबकतात, पण प्रत्येकाला बसणारा ‘ब्रेक’ वेगळा. त्यामुळे कमी-जास्त ऊर्जेच्या फोटॉनांचे मिश्रण बाहेर पडते. शिवाय ५९ व ६७ कि.इ.व्हो.च्या आसपास टंगस्टनची स्वतःची शिखरे दिसतात. हाच त्या झोताचा वर्णपट.

तो जाणून काय साधते? शरीराऐवजी २० सेंटिमीटर पाणी घेऊ. ६० कि.इ.व्हो.च्या साठ फोटॉनांपैकी साधारण एक न अडता पार जातो, २० कि.इ.व्हो.चा मात्र सुमारे एक कोटीत एक! म्हणजे हे मवाळ किरण चित्र उमटवत नाहीत, रुग्णाच्या अंगातच जिरतात. म्हणून वाटेत ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवतात. अडीच मिलिमीटर जाडीचा पत्रा २० कि.इ.व्हो.चे दहातील नऊ फोटॉन अडवतो, ६० कि.इ.व्हो.च्या सहातील पाचांना जाऊ देतो.

वर्णपट मोजण्यासाठी द्रव नायट्रोजनने थंड केलेला जर्मेनियमचा स्फटिक वापरतात. त्यात विद्युतभारांची एक जोडी सुटी व्हायला सुमारे ३ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. म्हणजे ६० कि.इ.व्हो.चा फोटॉन सुमारे वीस हजार जोड्या सोडवतो. जितकी ऊर्जा जास्त, तितका विद्युत्-स्पंद उंच. उंचीनुसार स्पंद मोजले की आलेख तयार! मोजपट्टी अमेरिशियम-२४१ च्या ५९.५ कि.इ.व्हो.च्या गॅमा किरणांवरून लावतात.

अडचण गर्दीची. ३० व २५ कि.इ.व्हो.चे दोन फोटॉन एकदम आले, तर उपकरण ५५ चा एकच मोजते. म्हणून स्फटिक दूर ठेवून, विद्युत्प्रवाह कमी करून, धातूच्या पत्र्यातील बारीक छिद्रातूनच किरण आत घेतात.

रुग्णालयात एवढा खटाटोप शक्य नाही. तिथे झोताची तीव्रता निम्मी करणारी ॲल्युमिनियमची जाडी मोजतात. ती अपेक्षेपेक्षा कमी भरली, तर झोतात मवाळ किरण जास्त आहेत असे समजावे. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या (स्थापना १९८३) नियमांनुसार भारतात या यंत्रांची ठरावीक काळाने गुणवत्ता-चाचणी करावी लागते.

वर्गात एक प्रयोग करा. विजेरीपुढे लाल जिलेटीन कागद एकेक करून वाढवा. पहिला कागद प्रकाश बराच कमी करतो. पुढचे कागद त्यामानाने थोडा. असे का, हे मुलांनाच विचारा. उत्तर सापडले, की पत्र्याचे कामही त्यांना उमगेल.