वाळूच्या एका दाण्याचा हिशेब

एक मिलिमीटरचा वाळूचा दाणा घ्या. वजन सुमारे अडीच मिलिग्रॅम. त्याचे अडीच मायक्रॉनचे तुकडे केले, तर लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही अंगांनी ४०० भाग पडतात. एकूण तुकडे ६ कोटी ४० लाख! हे सगळे पंधरा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीतल्या स्वच्छ हवेत पसरले, तर घनमीटरला सुमारे ६० मायक्रोग्रॅम धूळ भरते. पीएम २.५ साठी, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांसाठी, आपल्या देशाने ठरवलेली २४ तासांची कमाल मर्यादा नेमकी एवढीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १५. तिला पाव दाणा पुरतो.

आता पुनर्विकासासाठी पाडली जाणारी मुंबईतली एखादी जुनी इमारत डोळ्यांसमोर आणा. तिच्या काँक्रीट-विटांचा फार थोडा भाग इतका बारीक होतो, हे खरं. पण एका टनात १०० कोटी मिलिग्रॅम असतात, आणि पाडकामाचा राडारोडा टनांतच मोजतात.

ही धूळ खाली बसते का? दहाव्या मजल्यावरून, म्हणजे ३० मीटरवरून, स्थिर हवेत १०० मायक्रॉनचा कण मिनिटभरात जमिनीवर येतो. १० मायक्रॉनच्या कणाला तासभर लागतो. एक मायक्रॉनच्या कणाला तीन दिवसही पुरत नाहीत, आणि हवा तर कधीच स्थिर नसते. शेजारच्या घरांत खिडकीच्या कठड्यावरून रोज पुसली जाते ती बसलेली धूळ. मला घोर लागतो तो न बसलेल्या धुळीचा.

मोठे कण बहुतेक नाकात-घशात अडकतात. बारीक कण थेट वायुकोशांपर्यंत जातात. असे सुमारे ४८ कोटी वायुकोश आपल्या छातीत आहेत. उलगडून पसरले तर साडेसातशे चौरस फूट, मुंबईतल्या दोन बेडरूमच्या घराएवढे. त्यांतून रोज दहा हजार लिटर हवा खेळते. तिथल्या भक्षक पेशी धूळ गिळतात, पण वाळू-काँक्रीटमधल्या सिलिकाचा कण त्यांना पचत नाही. पेशी मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते. वर्षानुवर्षं हे चाललं की फुप्फुसावर व्रण धरतात. हा सिलिकोसिस, तो बरा होत नाही. त्याचा पहिला बळी लादी कापायचा कटर चालवणारा मजूर. शेजाऱ्यांच्या वाट्याला खोकला येतो, दमा बळावतो, आणि मुलांची तर फुप्फुसं अजून वाढत असतात.

मुंबई महापालिकेच्या २०२३ च्या नियमांनुसार ७० मीटरहून उंच इमारतीच्या बांधकामाभोवती ३५ फुटी पत्रे हवेत. ते जेमतेम साडेतीन मजले झाकतात. पंधराव्या मजल्यावर कोरडी लादी कापली जात असेल, तर त्यांचा उपयोग काय? पात्यावर पाणी सोडलं तर तीच धूळ उडण्याआधी चिखल होऊन खाली गळते. सोसायटीने बिल्डरला पहिला प्रश्न विचारायचा तो हाच: कटरला पाण्याची नळी जोडली आहे का?