रोगी सड शेवटी

जयपूरच्या आसपासच्या गावांतून सरस डेअरीकडे जाणाऱ्या दुधाचा भाव फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून उरलेल्या घन घटकांवर) ठरतो. कासेत कोणता जंतू मुक्कामाला आहे, हे त्यावरून कळत नाही. कास सुजली, दुधात गाठी आल्या की मालक डॉक्टरकडे धावतो. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा कासदाहाचा जंतू मात्र बहुतेकदा दूध वरकरणी स्वच्छ ठेवूनच आत राहतो. अशा लपलेल्या रोगाचा माग काढायला चार खणांची ताटली पुरते. पहिल्या धारा टाकून प्रत्येक सडाचे थोडे दूध वेगळ्या खणात घ्यायचे, तितकेच चाचणीचे द्रावण घालून ताटली गोल फिरवायची. निरोगी दूध पातळच फिरत राहते. रोगी सडाचे काही सेकंदांत दाटते आणि खणाच्या मध्यावर फुगवटा धरते. द्रावणातल्या साबणी घटकाने दुधातल्या पांढऱ्या पेशी फुटतात, त्यांतला डीएनए दूध चिकट करतो. १९५७ साली प्रसिद्ध झालेली ही कॅलिफोर्निया चाचणी जंतूचे नाव सांगत नाही, हे खरे. पण धार कोणत्या सडाची शेवटी काढायची, एवढे तिच्यावरून नक्की ठरते, आणि माझ्या मते खरी लढाई त्या क्रमातच आहे. कारण हा जंतू एका सडातून दुसऱ्यात जातो तो धार काढणाऱ्याच्या ओल्या हाताने, नाहीतर सगळ्यांना पुसलेल्या एकाच फडक्याने.

यावर कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, इंजेक्शन आहे की. स्ट्रेप्टोकोकस अगॅलॅक्टिए असता तर हे चालले असते. तो पेनिसिलिनला सहसा दाद देतो. ऑरियस पेशींच्या आत दडतो, कासेत बारीक गळवे करतो, आणि त्याचे अनेक वाण पेनिसिलिनच मोडून टाकतात. म्हणून दुभत्या काळात औषध फारसे लागू पडत नाही; खर्च मात्र होतो, वर दूधही टाकावे लागते. जनावर आटवताना सडात औषध भरले तर यशाची शक्यता जास्त. दोन म्हशींच्या गोठ्यात कसला आलाय क्रम, हा आक्षेप तर उलटाच आहे: जनावरे कमी, हात एकच, मग शिस्त लावणे सोपे. निरोगी म्हैस आधी, रोगी मागून, मध्ये साबणाने हात धुवायचे. धारेनंतर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचे आणि लगेच पुढ्यात चारा टाकायचा. सडाचे तोंड मिटायला अर्धा तास तरी लागतो, तोवर म्हैस शेणात बसता कामा नये. दूध उकळतोच की, असेही म्हणतात. उकळून जंतू मरतो. पण जयपूरच्या मे महिन्यात दूध तासन् तास न थंड करता राहिले आणि तेवढ्यात त्याने विष तयार केले, तर ते उकळूनही टिकते.