मोठ्यांनी धाकट्यांना हात द्यावा का?

फुटबॉलमध्ये ६-० असा विजय म्हणजे समोरच्या संघाचा पार धुव्वाच! इंग्लंडच्या मानाच्या एफ. ए. कप स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सहा गोलांच्या फरकानं जिंकणारे संघ दोनच. एक मँचेस्टर सिटी. २०१९ सालच्या मे महिन्यात त्यांनी वॉटफर्डला ६-० असं लोळवलं. आणि दुसरा? दुसऱ्या संघाचं नाव आहे बरी. १९०३ साली बरीनं डर्बी काउंटीवर अगदी इतकेच गोल चढवले होते.

बरीचं नाव तुम्ही ऐकलं नसेल, तर त्यात नवल नाही. सिटीनं या विक्रमाशी बरोबरी केली, त्याच वर्षी २७ ऑगस्टला बरी क्लबला साखळीतून चक्क काढून टाकण्यात आलं. १८८५ साली जन्मलेला, १८९४ पासून फुटबॉल लीगचा सभासद असलेला क्लब! सामने हरले म्हणून ही पाळी आली का? मुळीच नाही. उलट त्याच वर्षी ते चौथ्या श्रेणीतून तिसऱ्या श्रेणीत चढले होते. पण खेळाडूंचे पगार थकलेले, डोक्यावर कर्ज, आणि ते फेडायला पैसा आहे याचा पुरावा मुदतीत देता आला नाही. बस्स, खेळ खलास!

आता गंमत बघा. बरी गावापासून मँचेस्टर काही मैलांवर आहे. म्हणजे जगातले दोन गडगंज श्रीमंत क्लब, युनायटेड आणि सिटी, हाकेच्या अंतरावर. मग शेजाऱ्यानं शेजाऱ्याला मदत करायला नको होती का?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही बरं का! जरा खोलात शिरू या.

एका शिडीच्या ९२ पायऱ्या

इंग्लंडमध्ये सर्वांत वर प्रीमियर लीग. तिच्यात २० क्लब. तिच्याखाली प्रत्येकी २४ क्लबांच्या तीन श्रेणी. असे एकूण ९२ क्लब एकाच शिडीवर उभे असतात. जिंकणारे वर चढतात, हरणारे खाली घसरतात. छोट्या गावांतल्या क्लबांवर लोकांचा जीव असतो. कोल्हापुरात तालमींच्या संघांवर पेठांचा असतो ना, अगदी तसाच. आजोबा ज्या जागी उभं राहून सामना बघायचे, तिथंच आज नातू उभा असतो.

पूर्वी या शिडीवर वाटून खाण्याची पद्धत होती. लीगच्या सामन्यात तिकिटांच्या पैशातला एक हिस्सा पाहुण्या संघाला मिळायचा. १९८३ साली ही पद्धत बंद झाली आणि ज्याचं मैदान त्याचा सगळा गल्ला, असं ठरलं. दूरदर्शनच्या प्रक्षेपणाचे पैसेही आधी सगळ्या ९२ क्लबांत सारखे वाटले जात. पुढं मोठे क्लब कुरकुरू लागले. लोक आम्हाला बघायला टीव्ही लावतात, मग पैसे सगळ्यांना का? अखेर १९९२ साली वरच्या श्रेणीतले २२ क्लब वेगळे झाले आणि त्यांनी प्रीमियर लीग काढली. (क्लबांची संख्या २० झाली ती १९९५ साली.)

त्या वेळचा प्रक्षेपणाचा करार होता पाच वर्षांसाठी ३० कोटी ४० लाख पौंडांचा. आणि २०२५ पासूनच्या चार वर्षांचा? तब्बल ६७० कोटी पौंड! हा झाला फक्त ब्रिटनमधला पैसा. परदेशातून मिळणारा वेगळाच.

‘आम्ही का म्हणून द्यावेत?’

श्रीमंत क्लबांची बाजूही ऐकायला हवी. ते म्हणतात, आमच्याकडे पैसा येतो तो आमच्या खेळामुळं. शिवाय आम्ही अगदीच काही देत नाही असं नाही. हे खरंच आहे. प्रीमियर लीग खालच्या श्रेणींना दरवर्षी काही रक्कम देते. २०२० साली कोरोनामुळं मैदानं ओस पडली, तेव्हाही २५ कोटी पौंडांच्या मदतीचं ठरलं. मात्र त्यातला बराचसा भाग कर्जाच्या रूपात होता.

त्यांचा दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे लहान क्लबांनाही लागू नाही का? वर चढण्याच्या हट्टापायी एखादा क्लब मिळकतीपेक्षा जास्त पगार वाटत सुटला, तर त्याच्या उधळपट्टीचं बिल दुसऱ्यानं का भरायचं? गळक्या हंड्यात कितीही पाणी ओता, तो भरणार थोडाच!

रोपं कोण लावतं?

पण आता दुसरी बाजू बघा. २०२४ च्या युरो स्पर्धेचा उपांत्य सामना. इंग्लंड आणि नेदरलँड्स १-१ असे अडलेले. नव्वद मिनिटं संपलेली. तेवढ्यात बदली खेळाडू ऑली वॉटकिन्सनं गोल केला आणि इंग्लंड अंतिम फेरीत! हा वॉटकिन्स घडला कुठं? एक्सेटर सिटी या छोट्याशा क्लबच्या अकादमीत.

या एक्सेटरची कथा ऐकण्यासारखी आहे. २००३ साली हा क्लब कर्जात बुडाला होता आणि घसरून पाचव्या श्रेणीत गेला होता. तेव्हा चाहत्यांनीच एकत्र येऊन त्याचा कारभार हाती घेतला. जानेवारी २००५ मध्ये एफ. ए. कपमध्ये त्यांची गाठ पडली थेट मँचेस्टर युनायटेडशी. ओल्ड ट्रॅफर्डवर ६७ हजारांहून अधिक प्रेक्षक, आणि सामना ०-० असा बरोबरीत! मग एक्सेटरच्या मैदानावर दुसरा सामना झाला. तो युनायटेडनं २-० असा जिंकला. पण एफ. ए. कपमध्ये तिकिटांचा पैसा दोन्ही क्लबांत वाटला जातो. त्या पैशानं एक्सेटरच्या कर्जाचा मोठा भार उतरला. पुढं त्याच क्लबनं वॉटकिन्स घडवला.

इथं कुणी कुणाला भीक घातली का? नाही. नियम होता, म्हणून हक्काचा वाटा मिळाला.

हॅरी केन तर तुमच्या ओळखीचाच. २०११ साली, कोवळ्या वयात, तो लेटन ओरिएंट या लहान क्लबकडून उसना खेळाडू म्हणून खेळला. २०२० च्या कठीण दिवसांत त्यानं हे ऋण फेडलं. ओरिएंटच्या शर्टावरची जाहिरातीची जागा स्वतः विकत घेतली आणि तिथं आपलं नाव न घालता कोरोनाशी झुंजणाऱ्यांचे आभार छापले! केवढं हे मन! पण प्रत्येक गरीब क्लबला केन कुठून मिळणार?

दान नको, वाटा हवा

म्हणून आम्हाला वाटतं, मोठ्यांनी धाकट्यांना पैसा द्यावा. पण दया म्हणून नव्हे, नियम म्हणून. साखळी काही एका क्लबची नसते. समोर संघच नसेल, तर सिटी खेळणार कुणाशी? ‘फिफा’नं हे तत्त्व मान्य केलेलं आहे. करारबद्ध खेळाडू पैसे मोजून एका देशातून दुसऱ्या देशात जातो, तेव्हा त्या रकमेतले पाच टक्के त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत घडवणाऱ्या क्लबांना मिळतात. ज्यानं रोप लावलं, त्याला फळाची एक फोड!

मात्र वाटा घेणाऱ्यानं हिशेब दाखवला पाहिजे. ब्रिटनमध्ये २०२५ साली नेमका असाच कायदा झाला. क्लबांच्या जमाखर्चावर नजर ठेवायला स्वतंत्र नियामक आला. प्रीमियर लीग आणि खालच्या श्रेणी यांचं पैशांच्या वाटपावर जमलं नाही, तर निवाडा करण्याचा अधिकारही त्याला मिळाला. बरीसाठी मात्र हा कायदा सहा वर्षं उशिरा आला. तिथल्या चाहत्यांनी नवा संघ उभारला आणि २०२३ साली बरीचं नाव पुन्हा जुन्या गिग लेन मैदानावर आणलं. पण थेट नवव्या श्रेणीतून!

आता तुम्ही सांगा. तुम्ही प्रीमियर लीगचे प्रमुख असता, तर शंभर रुपयांतले किती रुपये खालच्या ७२ क्लबांना दिले असते? खालच्या श्रेणींची मागणी पंचवीस रुपयांची होती. आणि घेणाऱ्यांना कोणती अट घातली असती? आज जेवताना आई-बाबांशी यावर खुशाल वाद घाला. फक्त एक करा. आधी श्रीमंत क्लबची बाजू घेऊन भांडा, मग बरीची. दोन्ही बाजूंनी खेळून बघितल्याशिवाय या सामन्याचा निकाल लागायचा नाही!