घर विकायला निघालं, सही कुणाची?

घटस्फोट म्हटलं की आपल्याकडे पहिली चर्चा मुलं कुणाकडे राहणार याची, दुसरी पोटगीची. घराचा विषय निघतो तो फार उशिरा. बहुतेक वेळा गिऱ्हाईक दारात उभं राहतं तेव्हाच! बाई स्वयंपाकात असते आणि कुणी परका माणूस भिंती ठोकून, पाण्याची टाकी बघून जातो. मग ती धावत आमच्यासारख्यांकडे येते. "ताई, वीस वर्षं राहिले हो त्या घरात. मला न विचारता विकता येतं का त्यांना?"

उत्तर कडू आहे. घर एकट्या नवऱ्याच्या नावावर असेल, तर कुणी कोर्टातून अडवेपर्यंत त्याला ते विकता येतं. लग्न झालं म्हणून मिळकत आपोआप निम्मी-निम्मी होत नाही. शेजारच्या गोव्यात मात्र पोर्तुगीज काळापासूनचा १८६७ सालचा नागरी कायदा आजही चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर तिथे मिळकत दोघांची समाईक धरतात आणि बायकोच्या संमतीशिवाय नवरा घर विकू शकत नाही. आपल्याकडेही नवऱ्याच्या स्थावर मिळकतीत बायकोला वाटा देण्याची तरतूद असलेलं विधेयक २०१३ साली राज्यसभेत मंजूर झालं होतं. पण लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळलं. बायकांच्या प्रश्नांना मुदत पुरत नाही, हे काही नवीन नाही.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात आणखी एक गुंता आहे, तो म्हणजे गुंठेवारी. पुंडलिकनगर, सातारा-देवळाई, शहराच्या कडेच्या कितीतरी वसाहती बॉण्डवर उभ्या राहिल्या. गावाकडची जमीन विकून किंवा कंपनीतून अंगावर पैसे उचलून नवऱ्याने प्लॉट घेतला, बायकोने मंगळसूत्र गहाण ठेवून स्लॅब टाकला. कागद काय, तर स्टॅम्पपेपरवरचा नोटरीचा बॉण्ड, आणि तो नवऱ्याच्या नावाचा. तो रजिस्ट्री नसल्यामुळे कायद्याने पक्की मालकी देत नाही. पण संसारात फूट पडली की हीच गोष्ट बाईवर उलटते. रजिस्ट्री ऑफिसला जायलाच नको! चहाच्या टपरीवर बसून दुसरा बॉण्ड लिहिला की घर "विकलं". नंतर तपास काढायला सरकारदरबारी नोंदही सापडत नाही. सिडकोच्या घरांचं तसं नाही. ती भाडेपट्ट्यावर दिलेली असल्यामुळे हस्तांतराला सिडकोच्या ऑफिसात फाईल फिरवावी लागते, आणि तेवढ्या वेळात बाईला हालचाल करता येते.

गुंठेवारीची बांधकामं नियमित करण्याचा कायदा २००१ चा आहे. २०२१ मध्ये त्यात बदल होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात आली. ज्यांची फाईल अजून महापालिकेत द्यायची आहे, त्यांनी अर्जावर कुणाचं नाव पडतंय हे आधी बघावं. दोघांचं नाव घालायचा आग्रह धरायची वेळ तीच असते. भांडणं सुरू झाल्यावर कोण घालू देणार?

मग घर नवऱ्याच्या नावावर आहे आणि तो विकायला निघालाय, तर बाईने काय करायचं? इथे २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा उपयोगी पडतो. हा कायदा म्हणजे फक्त मारहाणीचा, असं अजून कितीतरी जणींना वाटतं. तसं नाही. त्यात आर्थिक छळही येतो, आणि बाईचा हक्क असलेली मालमत्ता परस्पर विकून टाकणं हा आर्थिक छळच आहे. सातबारावर किंवा घरपट्टीवर तुमचं नाव नसलं तरी ज्या घरात तुम्ही नांदलात तिथे राहण्याचा हक्क कलम १७ देतं. कलम १९ खाली न्यायदंडाधिकारी तुम्हाला घराबाहेर काढायला मनाई करू शकतात, आणि घर विकायला किंवा गहाण टाकायलाही. पर्यायी घर द्या किंवा भाडं भरा, असाही हुकूम होऊ शकतो. हा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना आहे. आमच्याकडे किराडपुऱ्याच्या बाईला आणि सिडकोच्या बाईला मी एकच कलम सांगते.

"घर सासऱ्याच्या नावाचं आहे, तुझा काय संबंध?" हे वाक्यही ठरलेलं. २००६ च्या एका निकालामुळे सासरच्यांना तसं म्हणता येत होतं. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सतीश चंदर आहुजा खटल्यात तो निकाल चुकीचा ठरवला. सून तिथे संसार करून राहिली असेल, तर घर सासऱ्याचं असलं तरी ते तिचं सामायिक घर ठरू शकतं.

पण मैत्रिणींनो, राहण्याचा हक्क वेगळा आणि विक्रीच्या पैशातला वाटा वेगळा. त्या हुकुमाने डोक्यावर छप्पर टिकतं, मालकी येत नाही. वाटा हवा तर आपण घातलेले पैसे दाखवावे लागतात. दागिने मोडल्याची सोनाराची पावती, माहेरहून आलेल्या रकमेचं बँकेचं पासबुक, बचत गटाच्या कर्जाची नोंद. हे कागद कपाटात नवऱ्याच्या फाईलमध्ये नको, आपल्या बहिणीकडे ठेवा. पती-पत्नींमधला मिळकतीचा वाद कौटुंबिक न्यायालयातही चालतो. घराच्या हक्काचा दावा टाकला, तर तो चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून ठेवावी, म्हणजे घेणाऱ्याला "मला माहीत नव्हतं" म्हणता येत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ प्रमाणे मंजूर झालेल्या पोटगीचा बोजा नवऱ्याच्या घरावर टाकता येतो, हेही वकिलाला आवर्जून विचारा.

घर दोघांच्या नावावर असेल तर बाईची बाजू भक्कम. तिच्या सहीशिवाय सबंध घराचं खरेदीखत होत नाही. म्हणून तर सहीसाठी गोड बोलणं सुरू होतं. "नुसती सही कर, बाकी मी बघतो." तो कागद हक्कसोडपत्र असतो किंवा मुखत्यारपत्र. वाचल्याशिवाय, पैसे खात्यावर जमा झाल्याशिवाय सही नाही म्हणजे नाही. कर्ज दोघांच्या नावावर असेल तर आणखी जपावं. घटस्फोटाने बँकेचं कर्ज फिटत नाही. बँकेने लेखी मोकळं केल्याशिवाय हप्त्याची जबाबदारी तुमच्याही गळ्यात राहते.

कधीकधी घर विकणंच शहाणपणाचं असतं, हेही मी सांगते. भिंतीच्या अलीकडे ती आणि पलीकडे तो, मधे भेदरलेली पोरं, असं वर्षानुवर्षं राहण्यात काय सुख? पण मग परस्पर संमतीच्या अर्जातच लिहून घ्यावं: किंमत किती धरली, आधी कर्ज फेडून उरलेल्यातले तिला किती, कोणत्या तारखेला, आणि तोवर ती कुठे राहणार. "नंतर देतो" हे कोर्टाबाहेर बोललेलं वाक्य कुठेच वटत नाही.

खरं तर नावाचं काम संसार बरा चाललेला असतानाच करायचं. नव्वदीच्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' काढली, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी आपखुशीने बायकोच्या नावे जमीन केली. २००३ मध्ये सरकारने 'घर दोघांचे' म्हणत ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर पत्नीचंही नाव लावायला सांगितलं. ते जरूर लावा, मात्र नमुना ८ ही करआकारणीची नोंद आहे, तेवढ्यावर मालकी ठरत नाही. महाराष्ट्रात राहतं घर बायकोला बक्षीसपत्राने द्यायचं तर मूळ मुद्रांक फक्त २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार. एका साडीच्या किमतीपेक्षा कमी मुद्रांक, तरी पाडव्याच्या ओवाळणीत हा कागद घालणारा नवरा मी अजून पाहिलेला नाही!

वकिलाच्या फीला घाबरून कितीजणी गप्प बसतात. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात साधा अर्ज द्यायचा. जाताना घराच्या कागदाची झेरॉक्स, लाईट बिल, रेशनकार्ड आणि लग्नाचा एक फोटो घेऊन जा.