एक व्हिसा, तीन राजधान्या : युरोपला निघालेल्या दोन मित्रांनी अर्ज नेमका कुठल्या देशाकडे करायचा?

कॉलेजपासून ठरत आलेला गोव्याचा प्लॅन अनेकांचा अजून झालेला नाही, युरोपचा मात्र होतोय. टूर कंपनीची पंधरा दिवसांची सहल नाही, तर दोन मित्र किंवा दोन मैत्रिणी, पाठीवर एकेक सॅक, आठवड्याची रजा आणि दोन-तीन शहरं. इन्स्टाग्रामवर अशा सहलींच्या रील्स ढिगाने आहेत. त्यात कॉफी दिसते, ट्राम दिसते, दिव्यांनी उजळलेली नदी दिसते. व्हिसाच्या स्टिकरवर काय लिहिलंय ते मात्र कुणी दाखवत नाही, आणि खरी फजिती तिथेच होते.

उदाहरणासाठी व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा आणि बुडापेस्ट घेऊ. तिन्ही शहरं डॅन्यूब नदीच्या काठावर, तिन्ही आपापल्या देशाच्या राजधान्या. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाहून स्लोव्हाकियातलं ब्रातिस्लाव्हा साधारण 60 किलोमीटरवर, म्हणजे पुण्याहून लोणावळ्याला जावं तेवढं. रेल्वेने तासाभरात पोहोचता येतं. तिथून हंगेरीची राजधानी बुडापेस्ट आणखी अडीच तासांवर.

आज हे सोपं वाटतं, पण कायम तसं नव्हतं. 1914 मध्ये व्हिएन्ना ते ब्रातिस्लाव्हा चक्क विजेवर चालणारी गाडी सुरू झाली होती. पुढे दुसरं महायुद्ध झालं, युरोपचे दोन तुकडे पडले आणि या दोन शहरांच्या मध्ये काटेरी तारा आल्या. ब्रातिस्लाव्हाजवळ देवीन नावाचा किल्ला आहे, मोरावा नदी डॅन्यूबला मिळते तिथे. समोरचा काठ ऑस्ट्रियाचा. तो गाठायच्या प्रयत्नात जीव गेलेल्यांचं स्मारक किल्ल्याच्या पायथ्याशी उभं आहे.

मग हे कुलूप उघडलं कसं? 14 जून 1985 रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावाजवळ, मोझेल नदीतल्या एका बोटीवर पाच देशांनी करार केला, की आपापसातल्या सीमांवरची तपासणी हळूहळू बंद करायची. त्याच गावाचं नाव व्हिसाला मिळालं. स्लोव्हाकिया आणि हंगेरी डिसेंबर 2007 मध्ये यात आले. आज 29 देश या व्यवस्थेत आहेत.

म्हणजे व्हिसा एकच. पण तो देणारा देशही एकच असतो, आणि तो कुठला हे तुमच्या सोयीने ठरत नाही. जिथे अपॉइंटमेंट लवकर मिळते तिथे अर्ज टाकायचा, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. नियम असा, की ज्या देशात मुक्काम सर्वात जास्त, त्या देशाकडे अर्ज. मुक्काम सारखाच असेल, तर ज्या देशातून आधी प्रवेश करणार, त्याच्याकडे.

समजा दोघांनी व्हिएन्नात तीन रात्री, ब्रातिस्लाव्हात एक आणि बुडापेस्टमध्ये तीन असं ठरवलं. ऑस्ट्रिया आणि हंगेरी बरोबरीत, विमान उतरणार व्हिएन्नात, म्हणून अर्ज ऑस्ट्रियाकडे. आता एकाला बुडापेस्टच्या गरम पाण्याच्या कुंडांचा मोह झाला आणि व्हिएन्नाची एक रात्र तिकडे सरकवली, तर अर्ज हंगेरीकडे करावा लागतो, विमान व्हिएन्नात उतरत असलं तरी. म्हणून भांडण काय ते अर्जाआधी करून घ्यावं. एका देशाचं बुकिंग दाखवून व्हिसा काढायचा आणि नंतर ते रद्द करून भलतीकडेच राहायचं, हा प्रकार सीमेवर उघडा पडला तर व्हिसा तिथल्या तिथे रद्द होऊ शकतो.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक. मित्र म्हणजे कुटुंब नव्हे. दोघांची फाइल वेगळी, बँक स्टेटमेंट वेगळं, रजेचं पत्र वेगळं, किमान 30,000 युरोचं विमा संरक्षणही प्रत्येकाचं वेगळं. निर्णयही स्वतंत्र, त्यामुळे एकाला व्हिसा मिळाला आणि दुसऱ्याला नाकारला असं होऊ शकतं. मोठ्यांसाठी शुल्क जून 2024 पासून 90 युरो आहे, व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं, आणि नकार आला तर हे पैसे परत मिळत नाहीत. हॉटेलच्या बुकिंगवर दोघांचीही नावं असावीत. एकाचा खर्च दुसरा करणार असेल, तर तसं पत्र आणि त्याच्या पैशांचा पुरावा जोडावा. आणि व्हिसा हातात पडेपर्यंत, पैसे परत न मिळणारी विमानाची तिकिटं काढायचा मोह टाळावा, ऑफर कितीही चांगली असो.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, पण हा काळ 45 दिवसांपर्यंत लांबू शकतो. उन्हाळी सुट्टीसाठी एप्रिलमध्ये जागे होणाऱ्यांचं गणित इथेच चुकतं.

व्हिसा आला की लोक तारखा बघतात आणि पासपोर्ट कपाटात ठेवतात. खरं बघायचं असतं दिवसांचा आकडा. स्टिकरवर 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' असा काळ असतो आणि वेगळ्या रकान्यात मुक्कामाचे दिवस. तारखांमध्ये 24 दिवसांचं अंतर असेल आणि दिवस 9 लिहिले असतील, तर राहता येतं 9 दिवसच. वरचे दिवस प्रवास पुढे-मागे झाला तर सोय म्हणून दिलेले असतात. उतरण्याचा आणि परतीचा दिवसही पूर्ण मोजला जातो, मग विमान रात्री अकराला का उतरेना. मुक्काम वाढला तर पुढच्या व्हिसाला अडचण येऊ शकते आणि प्रवेशबंदीही होऊ शकते. ऑक्टोबर 2025 पासून शिक्क्यांऐवजी डिजिटल नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. दिवस आता संगणक मोजतो.

त्याच स्टिकरवर किती वेळा प्रवेश करता येईल तेही असतं. तिथे 1 असेल, तर बुडापेस्टहून 'जवळच आहे' म्हणून सर्बियातलं बेलग्रेड गाठणं महागात पडेल. सर्बिया शेंगेनमध्ये नाही. तिकडे गेलात की व्हिसा संपला, दिवस शिल्लक असले तरी. परतीचं विमान व्हिएन्नाहून असेल, तर पंचाईतच.

शेंगेनमध्ये सीमा नाहीत म्हणून पासपोर्ट हॉटेलात ठेवून फिरणंही शहाणपणाचं नाही. स्थलांतरितांच्या प्रश्नामुळे ऑस्ट्रियाने 2015 पासून हंगेरीच्या सीमेवर तपासणी पुन्हा सुरू केली आणि ती वेळोवेळी वाढवली. त्यामुळे बुडापेस्टहून व्हिएन्नाला येणाऱ्या रेल्वेत पोलिस कागद मागू शकतात.

बाकी फिरणं मजेचं. ब्रातिस्लाव्हाला लोक दोन तासांत उरकतात, ते या शहरावर अन्याय करणारं आहे. सेंट मार्टिन कॅथेड्रलमध्ये 1563 ते 1830 या काळात हंगेरीच्या राजा-राण्यांचे राज्याभिषेक झाले, मारिया थेरेसाचाही. देवीनला जायला शहरातून बस मिळते. उन्हाळ्यात व्हिएन्नाहून इथे बोटीने येता येतं, रेल्वेपेक्षा महाग पण नदी बघायची तर तीच.

बुडापेस्टमध्ये 1896 ची भुयारी मेट्रो अजून धावते, छोटे पिवळे डबे आणि टाइल्स लावलेली स्टेशनं. कागदी तिकीट काढलं असेल, तर ते फलाटावर जाण्याआधी मशिनमध्ये घालून छाप उमटवायची असते. खिशातलं कोरं तिकीट तपासनीसाला दाखवलं तर दंड होतो, आणि पर्यटक असल्याचं कारण तिथे चालत नाही. चलनही बदलतं. व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हात युरो, इथे फोरिंट. कार्ड मशिनने 'रुपयांत की फोरिंटमध्ये' असं विचारलं, तर फोरिंट निवडावं. रुपये निवडले की दर मशिनवाला ठरवतो, आणि तो बहुतेक वेळा महागच पडतो.