नातवाची भाषा शिकताना

लेक ऑस्लोला, जावई तिथेच नोकरीला, आणि साडेतीन वर्षांचा नातू बालवाडीतून घरी आला की नॉर्वेजियनच बोलणार! मैत्रिणींनो, तीन महिने राहायला गेलेल्या आजीने काय करावं? पहिला आठवडा मी नुसती हसत बसले. मग वही काढली.

घाबरू नका हं, सुरुवात फार सोपी आहे. आपल्या मराठीत 'मी खातो, मी खाते, तू खातेस, ते खातात' अशी क्रियापदाची केवढी रूपं! नॉर्वेजियनमध्ये 'ओ स्पीसे' म्हणजे खाणे. वर्तमानकाळात शेवटी 'र' जोडायचा, की झालं 'स्पीसर'. मी, तू, ती, आम्ही, कुणीही खावो, 'स्पीसर'च. खाल्लं म्हणायचं तर 'स्पीस्ते', तेही सगळ्यांना एकच. 'द्रिक्कर' म्हणजे पितो, पिते, पितात. त्याचा भूतकाळ मात्र 'द्राक'. अशी आडमुठी क्रियापदं थोडी पाठच करावी लागतात.

लिंगं आपल्यासारखीच तीन, 'एन, आय, एट', आणि कुठल्या शब्दाला कुठलं, याला फारसा नियम नाही. हे मी लेकीवर सोपवलं.

खरी गंमत शब्दांच्या क्रमाची. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. तिथे साध्या वाक्यात त्याचा पाट ठरलेला, पंगतीतला दुसरा. 'याय द्रिक्कर ते', मी चहा पिते. (चहाला 'ते' म्हणतात!) आता पहिल्या पाटावर 'नो', म्हणजे 'आत्ता', येऊन बसला, तर 'मी'ला उठून क्रियापदाच्या पलीकडे जावं लागतं. मी ऐटीत म्हणाले, "नो याय द्रिक्कर ते." नातवाने खेळणं खाली ठेवलं आणि मान हलवली, "नो द्रिक्कर याय ते!" त्याला व्याकरण कुणी शिकवलं होतं? पण कान बरोबर सांगतो. त्या दिवसापासून तो माझा मास्तर झाला, आणि आमचं बोलणं सुरू झालं.

प्रश्न विचारायचा तर क्रियापद सरळ पहिल्या पाटावर: 'द्रिक्कर दू ते?' तू चहा पितेस का? नकारासाठी 'इक्के', आणि तो आपल्या 'नाही'सारखा क्रियापदाच्या मागून येतो. 'याय विल इक्के', मला नको. हे वाक्य जेवताना रोज ऐकलं!

एक मात्र अंगवळणी पडायला वेळ लागला. तिथे लहानथोर सगळ्यांना 'दू', म्हणजे 'तू'च. आदरार्थी रूप आता जवळपास वापरातून गेलंय. त्यात उद्धटपणा मानू नका. नाती मात्र आपल्यासारखी नेमकी: आईची आई 'मूरमूर', वडिलांची आई 'फारमूर'. मला मुरमुऱ्यांचीच आठवण झाली.

आणि जेवून उठताना रांधणाऱ्या बाईचे आभार मानायची पद्धत तर आपल्याकडेही यायला हवी. निघायच्या आदल्या दिवशी थालीपीठ संपवून ताटली पुढे सरकवत तो म्हणाला, "तक फोर मातन, मूरमूर." त्यावर 'वेल्बेकॉम्मे' म्हणायचं असतं. मी म्हटलं.