रंग चढला की ठसा चुकला?
भालकीच्या बाजारात काळा पडलेला निजामाचा चारमिनारी रुपया ‘टांकसाळीची चूक’ म्हणून चढ्या भावाने विकला जाताना पाहिला की माझा जीव तुटतो. तो काळेपणा हवेतल्या गंधकाने चांदीवर धरलेला थर. मी भिंगातून आधी उठाव पाहतो. रंग कितीही बदलो, मिनारांच्या रेषा जागच्या जागी असतात. ठसा दोनदा बसला असेल तर धातूच सरकतो, अक्षरं दुहेरी दिसतात.

बहमनी तांब्याचं गणित निराळं. गुलबर्गा आणि पुढे बीदर राजधानी असताना नाणी हातोड्याने पाडत. ठसा बहुधा चकतीहून मोठा, त्यामुळे मजकूर कापला जाणं नित्याचंच. त्याला चूक म्हणू नये. हिरवा घट्ट थर मातीतला. तो चिंचेने घासू नका, अक्षरंही जातील. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर मात्र ते नाणं लगेच वेगळं, कोरड्या जागी ठेवा.